संगीत अभिवाचनाचा पहिला प्रयोग : संहितेपासून रंगमंचापर्यंत

दोन-तीन कलावंत एखाद्या लेखकाचा मजकूर हातात धरून वाचतात, वाचता वाचता त्यातली माणसे आवाजातून उभी करतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेले गायक-वादक तोच आशय स्वरांतून पुढे नेतात, अशा कार्यक्रमाला कुणी संगीत अभिवाचन म्हणतात, तर कुणी साहित्यिक-सांगीतिक कार्यक्रम. नेपथ्य, रंगभूषा आणि पाठांतर यांचा भार कमी असल्यामुळे नव्याने रंगमंचाकडे वळणाऱ्या गटांना हा प्रकार सोपा वाटतो. खर्चाच्या दृष्टीने तो सोपा आहेही. अडचण वेगळी आहे. साहित्य, नाट्य आणि संगीत ही तिन्ही एकाच वेळी पुढे येऊ लागली की प्रेक्षकाला एकही धड ऐकू येत नाही. म्हणून प्रयोगाच्या प्रत्येक क्षणी सूत्र या तिघांपैकी नेमके कोणाकडे आहे हे ठरलेले असावे आणि उरलेल्या दोघांनी तेवढा वेळ मागे सरावे. पुढील मार्गदर्शन चार ते सहा कलावंतांचा गट, लहान किंवा मध्यम सभागृह आणि ७५ ते ९० मिनिटांचा प्रयोग गृहीत धरून लिहिले आहे.

जुन्या घाटांकडे आधी पाहावे

नवा घाट शोधण्याआधी मराठीत हे मिश्रण कसे साधले गेले आहे ते पाहणे फायद्याचे ठरते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते, मध्यंतरी नामगजर होतो आणि उत्तररंगात त्याच निरूपणाला धरून आख्यान सांगितले जाते. विचार आधी आणि गोष्ट नंतर हा क्रम आजच्या दीड तासाच्या कार्यक्रमालाही चांगला पेलतो. कीर्तनकार गद्यातून एकदम गाण्यावर उडी घेत नाही, हे आणखी महत्त्वाचे आहे. ओवी, साकी, दिंडी, आर्या अशा अर्धवट बोललेल्या आणि अर्धवट गायलेल्या रचनांवरून तो चालत जातो. नव्या गटांच्या प्रयोगांत हीच मधली पायरी बहुतेक वेळा गाळलेली असते, आणि त्यामुळे गाणे सुरू झाले की वाचन थांबले आणि दुसराच कार्यक्रम लागला असे वाटते.

दुसरा निर्णय पात्रे आणि गाणे यांच्या नात्याचा आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या नाटकांत पदे मुख्यतः सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आपापली गद्य भाषणे करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आणलेल्या संगीत नाटकापासून पात्रे स्वतः गाऊ लागली. हे दोन्ही मार्ग आजही मोकळे आहेत. वाचणारेच गाणारे असतील तर किर्लोस्करांचा मार्ग घ्यावा, आणि गायक स्वतंत्र असेल तर त्याला भाव्यांच्या सूत्रधारासारखे स्थान द्यावे, म्हणजे तो पात्राच्या वतीने न गाता कथेकडे बाहेरून पाहत गाईल. एकाच प्रयोगात कधी असे आणि कधी तसे केल्यास प्रेक्षक गोंधळतो. पहिल्या प्रयोगासाठी भाव्यांचा मार्ग सुरक्षित आहे, कारण चांगले वाचणारे आणि चांगले गाणारे एकाच व्यक्तीत सहसा भेटत नाहीत.

मजकुराची निवड

पाऊस, आई, मैत्री असे सर्वसमावेशक विषय घेऊन त्यावरच्या कविता आणि उतारे एकत्र करण्याचा मोह टाळावा. असा कार्यक्रम कुठेही सुरू होऊ शकतो आणि कुठेही संपू शकतो, आणि ते प्रेक्षकाला विसाव्या मिनिटाला कळते. त्यापेक्षा एकच लेखक, एकच दीर्घ कथा, एखाद्या काळातली पत्रे किंवा एखादा प्रश्न घ्यावा. घटना पुढे सरकत असेल तर श्रोता गाण्यातूनही कथेचा धागा सोडत नाही.

छापलेल्या पानावर उत्तम असलेला मजकूर कानाला उत्तम असेलच असे नाही. लांबलचक निसर्गवर्णने, कंसातली वाक्ये, तळटीपांवर अवलंबून असलेला विनोद आणि ज्यात कोण बोलते आहे हे केवळ अवतरणचिन्हांवरून कळते असे संवाद वाचनात अडखळतात. याउलट एकाच व्यक्तीचे बोलणे, पत्र, रोजनिशी, प्रवासवर्णन हे प्रकार सहज वठतात. ‘दिवाकर’ या नावाने लिहिणाऱ्या शंकर काशिनाथ गर्गे यांनी मराठीत रुजवलेली नाट्यछटा तर जणू याचसाठी आहे. तिच्यात एकच माणूस बोलतो, समोरच्याचे बोलणे प्रेक्षकाने ओळखायचे असते आणि सारे दोन-चार मिनिटांत आटोपते. नवशिक्या वाचकाने सरावासाठी तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. दिवाकरांचे निधन १९३१ मध्ये झाले असल्याने त्यांच्या लेखनाला आता परवानगीही लागत नाही.

हक्क आणि परवानगी

निवडलेल्या मजकुराच्या प्रेमात पडण्यापूर्वीच हे काम करावे. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. केशवसुत (निधन १९०५), बालकवी (१९१८), राम गणेश गडकरी (१९१९), साने गुरुजी (१९५०) आणि बा. सी. मर्ढेकर (१९५६) यांचे असे लेखन त्यामुळे सर्वांना खुले आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्यामुळे तिथे गणना १९५२ पासून होते आणि ती मुदतही संपली आहे. कुसुमाग्रज (१९९९) किंवा पु. ल. देशपांडे (२०००) यांच्या बाबतीत मात्र हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावीच लागते.

मूळ साहित्य खुले असले म्हणजे सगळेच खुले होत नाही. तुकोबांचा अभंग कुणाचाही आहे, पण विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने त्याला दिलेली चाल त्या संगीतकाराची आहे. संपादित आवृत्तीतल्या प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या परकीय कथेचा अलीकडचा मराठी अनुवाद अनुवादकाचा असतो. गीताच्या शब्दांवर आणि चालीवर वेगवेगळ्या व्यक्तींचे हक्क असतात, आणि ध्वनिमुद्रण वाजवायचे असल्यास त्याचा तिसरा हक्क येतो. प्रसिद्ध गाणी सादर करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेकडून परवाना मिळतो, परंतु त्या परवान्याने कथा किंवा कादंबरी वाचण्याचा अधिकार मिळत नाही. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावताच ती सवलत संपते, त्यामुळे ‘आधी विनामूल्य करू, मग बघू’ असे म्हणणाऱ्या गटाने दुसऱ्या प्रयोगाचा विचारही आजच करावा.

या सगळ्यातून सोपी वाट म्हणजे हक्कमुक्त शब्द घेऊन त्यांना गटातल्याच कुणी नवी चाल बांधणे. परवानगीचा पत्रव्यवहार वाचतो हा त्याचा लहान फायदा झाला. मोठा फायदा हा की, प्रेक्षक ओळखीच्या गाण्याची वाट पाहत बसत नाही आणि शब्द ऐकतो. परवानगी मागावी लागलीच तर पत्रात उताऱ्यांची नेमकी पाने, प्रयोगांची संख्या, तिकीट असेल की नाही आणि दृक्-श्राव्य चित्रण करणार की नाही हे चारही मुद्दे स्पष्ट लिहावेत. रंगमंचावरच्या वाचनाची परवानगी म्हणजे ते चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्याची परवानगी नव्हे, आणि गटातल्या कलावंतांचीही त्यासाठी वेगळी संमती लागते.

संहिता बांधणे

७५ मिनिटांच्या प्रयोगात साधारण ४५ मिनिटे वाचन, २२ ते २५ मिनिटे संगीत आणि उरलेला वेळ दुवे, शांतता व टाळ्या यांसाठी धरावा. अभिनयासह वाचताना मिनिटाला १०० ते ११० शब्दांच्या पुढे जाऊ नये, म्हणजे ४५ मिनिटांना ४,५०० ते ५,००० शब्द पुरतात. पहिल्या खर्ड्यात बहुतेक गट याच्या दुप्पट मजकूर आणतात. कापणे अपरिहार्य आहे. ते करताना लेखकाचे वाक्य मधून तोडून स्वतःचे शब्द घालू नयेत, पूर्ण वाक्ये किंवा पूर्ण परिच्छेद वगळावेत आणि जिथे हक्क शिल्लक आहेत तिथे कापलेली संहिता हक्कधारकाला दाखवावी.

उताऱ्यांना जोडणारे निवेदन हा या प्रकाराचा सर्वांत दुबळा भाग असतो. निवेदकाने लेखकाचे गोडवे गाऊ नयेत, पुढचा उतारा किती हृद्य आहे हे सांगू नये आणि संपलेल्या उताऱ्याचा अर्थ पुन्हा समजावू नये. कोण, कुठे, केव्हा आणि मधल्या काळात काय घडले, एवढेच त्याने सांगावे, तेही तीन-चार वाक्यांत. निवेदन काढून टाकले तरी उतारे एकमेकांना जोडले जात असतील तर ते खुशाल काढून टाकावे.

संहिता दोन रकान्यांत लिहावी. डावीकडे वाचनाचा मजकूर आणि उजवीकडे संगीत, प्रकाश व हालचाली. संगीताचा संकेत ओळीच्या क्रमांकावर न देता शब्दावर द्यावा. ‘तिसऱ्या परिच्छेदानंतर बासरी’ या सूचनेपेक्षा ‘“परतलाच नाही” या शब्दांनंतर दोन श्वास थांबून बासरी’ ही सूचना वादकाच्या उपयोगाची असते, कारण त्याच्या हातात वाचकाचे पान नसते, कानात त्याचे शब्द असतात.

वाचन आणि अभिनय

हातात कागद आहेत हे लपवू नये. कागद दिसतो, म्हणून प्रेक्षक वाचकाला पात्र समजत नाही. तो त्याला पात्राविषयी सांगणारा मानतो, आणि या मोकळिकीमुळेच एक वाचक आजोबा, नात आणि पोस्टमन असे तिघे होऊ शकतो. यासाठी आवाजाच्या नकला करण्याची गरज नसते. वेग, पट्टी आणि थांबे यांपैकी एक गोष्ट बदलली तरी पात्र बदलल्याचे कळते, तिन्ही बदलल्या की पात्राचे व्यंगचित्र होते. निवेदन करताना थेट प्रेक्षकांकडे पाहावे. संवाद वाचताना दोघा वाचकांनी एकमेकांकडे न वळता समोर, प्रेक्षकांच्या डोक्यांच्या थोडे वर, आपापला ठरलेला बिंदू धरावा. त्यामुळे दोन्ही चेहरे आणि दोन्ही आवाज समोर राहतात.

कविता वाचणाऱ्याला वृत्ताची जाण हवी. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण असतो, आणि त्या आखूड चरणानंतर उरलेली जागा ही वाचणाऱ्याच्या विसाव्याची असते. ती घाईने भरून काढली की अभंग गद्यासारखा वाटू लागतो. शार्दूलविक्रीडित या वृत्ताच्या चरणात १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे चरणातला थांबा, असतो, तर मंदाक्रांतेच्या १७ अक्षरांत चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर. वाचताना यतीवर ठेका द्यायचा नसतो, पण तिथे शब्द तोडला जात नाही एवढे भान ठेवावे. वृत्त कळल्यावर अर्थाप्रमाणे वाचायचे, की वृत्ताप्रमाणे, या जुन्या वादात मी अर्थाच्या बाजूचा आहे. वृत्त पक्के असेल तर ते अर्थाने वाचतानाही ऐकू येते.

कागदांविषयी थोडे. अक्षर १६ ते १८ पॉइंटचे असावे, पानाच्या एकाच बाजूला छापावे, वाक्य पानाअखेर तुटू देऊ नये आणि पाने पिनने जोडू नयेत, कारण उलटताना होणारा आवाज माइक इमानाने पकडतो. स्टँड हनुवटीच्या बराच खाली असावा.

संगीत

इथे सर्वाधिक वेळ द्यावा लागतो, आणि तोही चाली बसवण्यात कमी व गाळण्यात जास्त. वाचन चालू असताना मागे सतत काहीतरी वाजत ठेवण्याची सवय ध्वनिफितींनी लावली आहे. रंगमंचावर ती घातक ठरते. हार्मोनियमचे मधले सप्तक माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतच येते, त्यामुळे तिचे लांबवलेले स्वर शब्दांवर पसरतात. तबल्याचे बोल व्यंजनांना झाकतात आणि ‘त’ की ‘द’ हेच कळेनासे होते. वाचनाखाली काही हवेच असेल तर तंबोरा, बासरीचा वरच्या सप्तकातला एखादा विरळ स्वर किंवा व्हायोलिनचा हलका लांब स्वर घ्यावा, आणि तोही निवडक जागी. तंबोऱ्याचीही एक खोड आहे. तो सतत चालू असला तर वाचक नकळत षड्जाकडे, म्हणजे ‘सा’ या आधारस्वराकडे, ओढला जातो आणि त्याची वाक्ये एकाच सुरावर संपू लागतात. म्हणून दीर्घ गद्य उताऱ्यात तंबोराही बंद करावा. शांतता ऐकू आली की प्रेक्षक सावरून बसतो.

ज्या शब्दांवर वाचकाने पोहोचवले आहे, तेच शब्द लगेच गायकाने पुन्हा गाऊ नयेत. विरहाचा उतारा आणि मागोमाग विरहगीत या जोडीत दुसऱ्याचे काम पहिल्याने केलेलेच असते. गाण्याने कथेतली पुढची पायरी घ्यावी, किंवा त्याच प्रसंगाकडे दुसऱ्या कुणाच्या नजरेने पाहावे. मुलगा घर सोडून जातो असा उतारा असेल तर गाणे मुलाच्या दुःखाचे न घेता जात्यावरच्या ओवीचे घेता येईल, म्हणजे घरातले काम चालूच आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

गायक आणि गायिका दोघेही असतील तर पट्टीचा प्रश्न येतो. हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने सांगायचे तर पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो आणि स्त्रियांचा पांढरी पाच किंवा काळी चारच्या आसपास. प्रत्येक गाण्याआधी तंबोरा बदलून लावत बसलो तर प्रयोग मैफलीसारखा थांबत थांबत चालतो. त्यावर एक जुना आणि सोपा उपाय आहे. काळी एकचा पंचम (‘प’) म्हणजे काळी चार. गायकाने आपल्या पंचमावर थांबावे आणि गायिकेने तोच स्वर षड्ज मानून उचलावा, म्हणजे हस्तांतर कानाला रुचते. दोघांच्या पट्ट्या अशा बसत नसतील तर मध्ये वाचनाचा उतारा ठेवून बदल झाकावा.

गाण्यांची लांबी आटोपशीर ठेवावी. बहुतेक गाण्यांना मुखडा आणि दोन अंतरे पुरतात, आलाप-ताना तर वगळाव्यातच. मात्र उत्तरार्धात एका गाण्याला पूर्ण विस्तार करू द्यावा आणि त्या वेळी सूत्र निःशंकपणे संगीताकडे सोपवावे. एरवी सगळी गाणी तुटक राहतात आणि संगीत केवळ सजावट होऊन बसते. संगीत नाटकांच्या काळात ‘वन्स मोअर’मुळे प्रयोग पहाटेपर्यंत लांबत असत. आपल्या प्रयोगात पुन्हा गायचे नाही, हे आधीच ठरवून टाकावे.

तालमी

आठ-दहा तालमी धराव्यात. पहिल्या दोन-तीन वाद्यांशिवाय, नुसत्या वाचनाच्या, टेबलाभोवती बसून कराव्यात. त्याच काळात गायक-वादकांनी वेगळे बसून चाली पक्क्या कराव्यात, पण त्यांनी वाचनाची एक तालीम अवश्य ऐकावी. एकत्र तालमी सुरू झाल्यावर आधी केवळ सांधे बसवावेत, म्हणजे प्रत्येक उताऱ्याची शेवटची तीन वाक्ये आणि पुढच्या गाण्याची पहिली ओळ, मग गाण्याची शेवटची ओळ आणि पुढच्या वाचनाची सुरुवात. आतला मजकूर तोपर्यंत सोडून द्यावा. सलग तालमी शेवटच्या तीन ठेवाव्यात, त्या घड्याळ लावून कराव्यात आणि प्रत्येक भागाची मिनिटे संहितेवर लिहावीत. शेवटची रंगीत तालीम प्रत्यक्ष सभागृहात, ध्वनी आणि प्रकाशासह व्हावी.

सभागृह, ध्वनी आणि प्रकाश

वाचकांचे आणि गायकांचे माइक वेगळे ठेवावेत. गायकाच्या आवाजाला थोडा एको चालतो, वाचकाच्या आवाजाला अजिबात नको, कारण त्याने शब्दांच्या कडा पुसट होतात. ध्वनितंत्रज्ञाला हे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर तो सर्वांना सारखाच एको देतो. ध्वनिचाचणीत वाचकांचे आवाज आधी लावावेत आणि मग त्या पातळीच्या हिशेबाने वाद्ये बसवावीत. उलट क्रमाने गेल्यास वाचकांना ओरडावे लागते.

प्रकाशात वाचकाच्या कागदावर पांढरा उजेड पडतो की नाही हे पाहावे. लाल प्रकाशात लाल शाईच्या खुणा दिसेनाशा होतात, म्हणून संहितेवरच्या खुणा काळ्या किंवा गडद निळ्या पेन्सिलीने कराव्यात आणि स्टँडला छोटा दिवा लावावा. प्रकाशाचे बदल मोजकेच हवेत. सूत्र वाचकाकडून गायकाकडे गेले की उजेडही हळूहळू तिकडे जावा, याहून जास्त योजना पहिल्या प्रयोगाला लागत नाही.

महाराष्ट्रात नाट्यप्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे, प्रमाणपत्र लागते आणि तारीख देताना नाट्यगृहाचे व्यवस्थापन त्याची विचारणा करू शकते. म्हणून अंतिम संहितेची स्वच्छ प्रत आधीच तयार ठेवावी आणि अर्ज वेळेत करावा. उघड्या मैदानात किंवा अंगणात प्रयोग असेल तर ध्वनिवर्धकासाठी परवानगी घ्यावी लागते आणि रात्री १० वाजता तो बंद करावा लागतो, त्यामुळे साडेसातनंतर पडदा उघडू नये. नव्वद मिनिटांपर्यंतच्या प्रयोगाला मध्यंतर देऊ नये. तिसरी घंटा झाल्यावर सत्कार आणि दीपप्रज्वलन करण्याची पद्धत आयोजकांना प्रिय असते. ते पहिल्या घंटेआधी किंवा प्रयोग संपल्यावर व्हावे, असे निमंत्रण स्वीकारतानाच लेखी कळवावे.

प्रयोग चालू असताना गटातल्या एका व्यक्तीला संहिता घेऊन शेवटच्या रांगेत बसवावे. कोणते शब्द ऐकू आले नाहीत, कुठे खोकले सुरू झाले, कोणते गाणे ठरल्यापेक्षा लांबले, याच्या खुणा तिने पानाच्या कडेला कराव्यात. दुसऱ्या दिवशी त्या खुणा सर्वांनी मिळून पाहाव्यात आणि पुढच्या प्रयोगाची संहिता त्यांवरून दुरुस्त करावी.